ओढ्यावरचा बंधारा वलगणीच्या माशाला अडवतो, मांगूरला नाही

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बोरिवलीला राहता आणि गाव मुरबाड तालुक्यात, काळू नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी आहे. ओढ्यावरचा कमरेएवढ्या उंचीचा जुना सिमेंटचा बंधारा एका बाजूने फुटला आहे आणि ग्रामपंचायत तो पुन्हा बांधायला निघाली आहे. गावात दोन तट पडले आहेत. काही जण म्हणतात, फुटलाय तर राहू दे, वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघणारे मासे पुन्हा वर चढतील. बाकीचे म्हणतात, खाली नदीत आफ्रिकन मांगूर आणि चिलापी हे परके मासे माजलेत, बंधारा होता म्हणूनच वरचा ओढा वाचला. दहिसर नदीसाठी काम करणाऱ्या तुमच्या बोरिवलीच्या गटातही हाच वाद आहे: राष्ट्रीय उद्यानातल्या प्रवाहावरचे छोटे अडथळे काढायचे की ठेवायचे?

दोन्हीकडे प्रश्न एकच असला तरी माझे उत्तर वेगवेगळे आहे. गावातला बंधारा होता तसा भरीव बांधू नका. दहिसर नदीच्या उद्यानातल्या भागात मात्र सध्या काही उघडायची घाई करू नका. असे का, ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

बंधारा सगळ्या माशांना सारखा वागवत नाही, ही पहिली गोष्ट. ज्या माशाला आयुष्यात कधीतरी वर किंवा खाली जावेच लागते, त्याचा वंश बंधाऱ्यापाशी खुंटतो. ज्याला कुठे जायची गरजच नाही, त्याला बंधाऱ्यामागचे साचलेले पाणी आयते घर होते. आपल्याकडचे देशी मासे बहुतेक पहिल्या प्रकारचे आणि आक्रमक परके मासे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. गावातला वाद इथेच चुकीच्या वळणावर गेला आहे. बंधारा दोघांनाही अडवतो असे धरून, कोणाला अडवणे जास्त महत्त्वाचे यावर लोक भांडत आहेत.

वलगण तुम्ही लहानपणी पाहिली असणार. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी पडतात, ओढा गढूळ होतो, पाणी गार होते, आणि अंड्यांनी पोट तटतटलेले मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. खवली, शिंगटा, मरळ, डोक असे कितीतरी. ते ओढ्यातून ओहोळात आणि ओहोळातून थेट भातखाचरात शिरतात. नुकत्याच बुडालेल्या जमिनीवर पिल्लांसाठी बारीक खाद्य मुबलक असते, पाणी उथळ आणि उबदार असते आणि नदीतले मोठे शिकारी मासे तिथे फारसे पोचत नाहीत. पुढे भादव्या-अश्विनात खाचरे उतरू लागली की पिल्ले पाण्याबरोबर खाली येतात. म्हणजे हा फेरा दुहेरी आहे, आणि वर जायची खिडकी वर्षातून काही दिवसच उघडते. त्या काही दिवसांत बंधारा आडवा आला तर त्या वर्षाची वीण गेली.

बंधाऱ्याचा याहून मोठा घात त्याच्या पायथ्याशी होतो. चढायला न मिळालेले मासे तिथल्या खळग्यात दाटीने जमतात, उड्या मारतात, पुन्हा पडतात. मग दोन माणसे एक पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन तासाभरात जे उचलतात ते त्या ओढ्याचे पुढच्या वर्षाचे बियाणे असते. अडथळा नसता तर हेच मासे मैलभर विखुरले असते. वलगणीचे मासे पकडणे पूर्वापार चालत आले आहे आणि मला त्यात गैर काही वाटत नाही. पण पूर्वी ओढ्यात भिंत नव्हती, त्यामुळे पकडूनही पुष्कळ मासे वर निसटत. आता निसटायला वाटच उरलेली नाही.

काही देशी जीवांचा प्रवास यापेक्षा फार लांबचा आहे. अहिर, हा आपला गोड्या पाण्यातला सापासारखा लांब मासा, अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची काचेसारखी पारदर्शक पिल्ले खाडीतून नदीत शिरतात आणि वर्षानुवर्षे डोहांत वाढतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचेही काहीसे तसेच आहे. तीही राहते नदीत, पण तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते, म्हणून अंडी पोटाशी घेतलेली मादी खाडीकडे उतरते आणि नखाएवढी पिल्ले पुन्हा वर चढतात. रायगडच्या माणसाला ज्याचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते, तो जिताडा खाडीच्या मुखाशी वितो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर खाजणात, ओढ्यांत आणि गोड्या पाण्यात शिरतात. या तिघांपैकी कोणीही बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला दिसेनासा झाला असेल तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. देशातले सर्वांत ठळक उदाहरण फरक्क्याचे आहे. १९७५ साली पश्चिम बंगालमध्ये गंगेवर फरक्का बराज हा मोठा बंधारा सुरू झाला, आणि त्याआधी प्रयागराजपर्यंत आणि त्याहूनही वर जाणारा हिलसा, म्हणजे आपला पाला, मधल्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला.

आता परक्या माशांकडे वळू. त्यांची वीण कशी होते ते पाहिले की बंधाऱ्याचा त्यांच्यावर परिणाम का होत नाही ते आपोआप कळते.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली. नर चिखलात ताटलीसारखा खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळते. तिला वाहते पाणी नको, वाळू-गोटे नकोत, पूर नको. साचलेले, गाळाचे, ऊबदार पाणी असले की झाले. उजनीच्या जलाशयाने कोळ्यांच्या जाळ्यांत चिलापीच चिलापी कशी आणून टाकली, हे इंदापूर-भिगवणकडचा कोणीही सांगेल. शिवाय मोझांबिकची तिलापिया खारे पाणीही सोसते. हा मुद्दा मुंबईच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आपल्या कोकणपट्टीच्या नद्या एकमेकींपासून समुद्राने वेगळ्या ठेवल्या आहेत. उल्हास नदीतली खवली वैतरणेत जाऊ शकत नाही, कारण मध्ये खारे पाणी आहे. चिलापी जाऊ शकते. म्हणजे निसर्गाने घातलेला खरा बांधही तिला अडवत नाही.

आफ्रिकन मांगूर, बाजारात ज्याला थाई मांगूर म्हणतात, तो हवेत श्वास घेऊ शकतो. पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो. नदीला पूर आला की बुडालेल्या काठावरच्या गवतात अंडी घालतो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती कडकपणे राबवायला सांगितली. तरी चोरून चालणाऱ्या तळ्यांतून तो निसटतो, कारण पुरात तळ्याचा बांध फुटायला एक रात्र पुरते. इथे एक सावधगिरीही सांगून ठेवते. आपला देशी मांगूर वेगळा आहे, आणि तोच आता दुर्मीळ होत चालला आहे. मांगूर दिसला की मारायचा असे गावाने ठरवले तर देशी मांगूर आधी संपेल. आफ्रिकन मांगूर अंगाने खूप मोठा होतो आणि त्याच्या अंगावर बहुधा संगमरवरासारखे करडे-काळे डाग असतात. लहान पिल्लांत फरक करणे अवघड असते, तेव्हा ओळखणाऱ्याला दाखवल्याशिवाय काही करू नका.

तिसरा सकर. काचेच्या पेटीतला शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा मासा. मोठा झाला की लोक तो जवळच्या तळ्यात सोडून देतात. पवई तलावात गळ टाकणाऱ्यांना तो आता नवीन नाही. अंगावर हाडासारख्या कडक पट्ट्या असल्यामुळे त्याला खायला ना मोठा मासा धजतो ना पक्षी, आणि काठात बिळे करून तो अंडी घालतो. गावात कोणी त्याला मळ्या म्हणेल, कारण दोघेही तोंडाने दगडाला चिकटतात. पण मळ्या हा सह्याद्रीच्या ओढ्यांतला अस्सल देशी, बोटाएवढा मासा आहे. त्याच्या अंगावर कडक पट्ट्या नसतात आणि ओल्या खडकावरून चढण्यात त्याचा हात कोणी धरत नाही.

आता हे तिघे ओढ्यात वर पोचतात कसे? बहुधा पोहत नाही, तर माणसाच्या हाताने. कोणी शेततळ्यात सोडतो, कोणी पेटीतले आणून टाकतो, कोणी ठेका घेऊन जलाशयात मत्स्यबीज टाकतो आणि त्या बीजात दुसरेच काही मिसळलेले निघते. एकदा ते वर पोचले की बंधारा त्यांना खाली यायला अडवत नाही. आपल्या मुंबईतच पाहा. विहारचे धरण १८६० सालचे, पवईचे १८९०च्या सुमाराचे. दर पावसाळ्यात हे तलाव ओसंडून वाहू लागल्याची बातमी आपण आनंदाने वाचतो. ते ओसंडलेले पाणी मिठी नदीत जाते आणि तलावात जे काही आहे त्याची पिल्लेही त्याबरोबर जातात. धरणाची भिंत वर जाणाऱ्याला बंद आणि खाली येणाऱ्याला उघडी असते. परका मासा वरच्या जलाशयात सोडला गेला असेल तर ती भिंत त्याला अडवत नाही. ती फक्त त्याच्याशी स्पर्धा करणारे देशी मासे परत वर येऊ देत नाही.

परका म्हणजे परदेशीच असतो असेही नाही. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या मैदानातले मासे आहेत, कोकणातल्या नद्यांचे नव्हेत, तरी आपल्या बहुतेक जलाशयांत त्यांचे बीज सोडले जाते. याहून बोलके उदाहरण महाशीरचे आहे. निळ्या पंखांचा महाशीर आपल्याच सह्याद्रीचा. १८३९ साली साइक्स या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास करून त्याला वाचवण्याचे मोठे काम झाले. पण तिथली पिल्ले कावेरीतही नेऊन सोडली गेली, तिथे तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर आज अस्तंगत होण्याच्या उंबरठ्यावर आहे. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही दुसऱ्या नदीत परकाच ठरतो. वरच्या ओढ्यात ‘मासे वाढावेत’ म्हणून कोणतेही बीज सोडू नका, असे मी आग्रहाने सांगते त्याचे कारण हेच.

तुमच्या गटातल्या एकाने विचारले आहे की परदेशात तर आक्रमक मासे रोखण्यासाठी मुद्दाम अडथळे बांधतात, मग ते कसे? ते खरे आहे आणि नीट समजून घेण्यासारखे आहे. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत लॅम्प्री नावाचा समुद्री जीव घुसला. तो दुसऱ्या माशाला तोंडाने चिकटून रक्त शोषतो. नायगाराचा धबधबा त्याला हजारो वर्षे अडवून होता. जहाजांसाठी १८२९ मध्ये वेलँड कालवा काढला आणि ती वाट मोकळी झाली. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला आणि पुढच्या दोन दशकांत सगळ्या सरोवरांत पसरला. त्याला रोखायला आज नद्यांवर बुटके अडथळे उपयोगी पडतात, कारण लॅम्प्रीला अंडी घालायला सरोवरातून नदीत चढावेच लागते, आणि त्याला उडी मारता येत नाही. अडथळ्याच्या माथ्याला पुढे आलेली धार आणि खाली हातभर उंचीची पडझड असली की तो थांबतो. म्हणजे तिथे आक्रमकाची कमजोरी नेमकी बंधाऱ्याशी जुळते. आपल्याकडे मांगूर आणि चिलापीची कमजोरी बंधाऱ्याशी जुळत नाही, खवली आणि अहिराची जुळते. परदेशातला उपाय उचलायचा तर हा हिशेब आधी करायला हवा. ऑस्ट्रेलियात मरे नदीवर कार्प माशाच्या उडी मारण्याच्या सवयीचा उपयोग करून त्याला पिंजऱ्यात वेगळे काढतात आणि तिथले देशी मासे पुढे सोडतात. तिथेही आधी माशाची सवय अभ्यासली, मग लोखंड कापले.

बंधाऱ्यामागे जे घडते तेही अडवणुकीइतकेच महत्त्वाचे आहे. वाहता ओढा थांबतो, गोट्यांवर गाळ बसतो, उन्हाळ्यात पाणी तापते. मळ्याला हवे असलेले शेवाळलेले दगड आणि महाशीरला लागणारी स्वच्छ वाळू-खडी गाळाखाली जाते. चिलापीला हवा असलेला चिखल मात्र तयार होतो. एका ओळीत पाच बंधारे असलेला ओढा माशाच्या दृष्टीने ओढा उरत नाही, ती पाच तळी होतात. नदी सुधारणेच्या नावाखाली असे बंधारे एकामागून एक मंजूर होतात तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण त्या कागदांवर माशाचा उल्लेखही नसतो.

आणि एक अडथळा सिमेंटचा नसतोच. उल्हास नदी कल्याणजवळ येते तिथे वालधुनीसारख्या प्रवाहांतून येणारे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, वर जलपर्णीचा थर साचतो. पाण्यातला प्राणवायू घटला की बहुतेक देशी माशांना तो पट्टा भिंतीइतकाच अभेद्य होतो. मांगूर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि पार होतो. प्रदूषण हे असे गाळणे आहे की जे नको तेच त्यातून खाली उतरते. म्हणून मुंबईच्या नद्यांत, मिठी असो, पोयसर असो की ओशिवरा, केवळ बंधारा काढून देशी मासा परत येईल असे मी कोणालाही सांगत नाही. आधी गटारे बंद झाली पाहिजेत.

खाडीकडच्या अडथळ्यांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. ठाणे, पालघर, रायगडात खारभूमीच्या बांधांना उघाड्या, म्हणजे झडपेची दारे, असतात. भरती आली की झडप मिटते, ओहोटीला उघडते. शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून ती व्यवस्था योग्यच आहे. पण जिताड्याची, बोय माशाची आणि कोळंबीची पिल्ले भरतीबरोबरच आत येतात, आणि नेमके तेव्हाच दार मिटलेले असते. मुंबईत पावसाळी पाण्याच्या पंपिंग स्टेशनांच्या दारांचेही तेच. माणसांची घरे वाचवायला ती दारे लागतात. पण कोरड्या दिवसांत, छोट्या भरतीला, उघाडीच्या झडपेत तळाशी वीतभर फट ठेवता आली तरी पिल्ले आत येतात आणि शेतात जाणारे पाणी फारसे वाढत नाही. खाडीकाठच्या जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होते. ते जिताडा तळ्यात येऊ द्यायचे.

आता तुमच्या ओढ्याचे काय करायचे ते सांगते.

आधी वर जाऊन पाहा. लोक बंधाऱ्याखाली मांगूर दिसला की घाबरतात, पण निर्णय वरचे पाणी पाहून घ्यायचा असतो. मे महिन्यात ओढा तुटक डोहांत उरतो, तेव्हा बंधाऱ्याच्या वरचे डोह पाहणे सर्वांत सोपे. बारीक जाळे, एक दुर्बीण आणि गावातला एखादा जुना मासेकरी एवढे पुरे. वरच्या डोहांत चिलापीचे ताटलीसारखे खळगे दिसले तर परका मासा आधीच वर पोचला आहे आणि बंधारा ठेवून काहीही वाचत नाही. वरच्या शेतकऱ्यांच्या शेततळ्यांत कोणते बीज टाकले आहे, हेही विचारा. काळूच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी उत्तर असेच येईल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर जाऊ नका, पाहा.

तुमच्या पत्रातली दुसरी माहिती म्हणजे हा बंधारा कमरेएवढा आहे आणि पुरात पूर्ण बुडतो. बुडालेल्या बंधाऱ्यावरून खालचे-वरचे पाणी एक होते आणि तेव्हा मांगूर सहज वर जातो, तोही नेमका विणीच्या पुरात. छोट्या माशांची वलगण मात्र पहिल्या मध्यम पाण्यात असते, जेव्हा बंधारा अजून उघडा असतो आणि माथ्यावरून पाण्याचा पातळ पडदा पडत असतो. म्हणजे हा बंधारा खवलीच्या वेळी बंद आणि मांगूरच्या वेळी उघडा आहे. आक्रमकांपासून रक्षण म्हणून तो ठेवायला काही आधार उरत नाही.

तरी तो नुसता फुटका सोडा असेही मी म्हणणार नाही. बंधाऱ्याच्या पाण्यावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहिरी तगतात, बायकांची पाण्यासाठीची वणवण कमी होते. ती गरज माशाच्या गरजेइतकीच खरी आहे. त्यामुळे मधला मार्ग कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचा. त्यात खांबांमध्ये गाळे असतात, पावसाळा संपल्यावर त्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाआधी बरगे काढून गाळे मोकळे करतात. मासा चढतो तेव्हा ओढा मोकळा असतो, माणसाला पाणी लागते तेव्हा अडलेला असतो. अट एकच, बरगे वेळेवर निघाले पाहिजेत. मेअखेर ते काढलेले असावेत, पहिला पाऊस पडल्यावर नव्हे. आणि घालताना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबावे, कारण खाचरांतून उतरणारी पिल्ले तोवर खाली यायची असतात. बरेच बंधारे या एका कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बारा महिने बंद राहतात, कारण बरगे काढायची जबाबदारी कोणाच्या नावावर नसते. ती ग्रामसभेच्या ठरावात एका नावावर लिहा. पैसे कमी असतील तर श्रमदानाचा वनराई बंधारा त्याहून सोपा. रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ऑक्टोबरात घालायचा आणि पावसाआधी पोती आपण उचलून न्यायची, ओढ्यात वाहू द्यायची नाहीत.

भरीव भिंतच बांधायची असा हट्ट झाला तर निदान एका काठाला दगडांचा उतार मागा. इथे थोडा हिशेब सांगते. मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग पायथ्याशी सेकंदाला साधारण ४.४ मीटर होतो. वीतभरही नसलेला दहा सेंटिमीटरचा मासा जीव तोडून पोहला तरी क्षणभर सेकंदाला मीटरभरच वेग गाठतो. म्हणून पायरी जास्तीत जास्त दहा सेंटिमीटरची हवी आणि दोन पायऱ्यांमध्ये दम खायला खोलगट जागा हवी. उतार एकास वीसपेक्षा तीव्र नको, म्हणजे मीटरभर उंचीसाठी वीस मीटर लांबी. तळ खडबडीत, दगड उभे-आडवे रोवलेले, आणि मधोमध एक खोल चर, म्हणजे पाणी कमी असतानाही ते एका जागी वाहील. गुळगुळीत सिमेंटच्या घसरगुंडीला माशाची वाट म्हणू नका. तिच्यावरून पाण्याचा बोटभर थर धावतो आणि त्यात मासा पोहूच शकत नाही. रस्त्याखालच्या पाइप मोऱ्यांचाही हाच दोष असतो. मोरीचे तोंड ओढ्याच्या तळापेक्षा वीतभर वर लटकत असेल तर लहान माशासाठी तीही भिंतच. गावाकडे जाताना वाटेवरच्या मोऱ्या याच नजरेने पाहा. कित्येकदा बंधारा निर्दोष असतो आणि खरी अडचण त्याच्या खालच्या मोरीत असते.

प्रामाणिकपणे एक सांगितले पाहिजे. ज्या उतारावरून खवली चढेल त्यावरून लहान चिलापीही चढेल. फक्त देशी मासा चढवणारा दगडी उतार अस्तित्वात नाही. त्याला एक सुंदर अपवाद आहे. अहिराची पिल्ले आणि गोड्या पाण्यातल्या कोळंबीची पिल्ले ओल्या उभ्या भिंतीवरूनही चढतात. भिंतीवरून काथ्याचे जाड दोर किंवा काथ्याची जाळी सोडली आणि त्यावर पाणी ठिबकत राहिले की ती त्याला धरून वर जातात. चिलापीला ते जमत नाही. जिथे काही कारणाने अडथळा ठेवायचाच आहे, तिथे एवढे तरी करता येते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

आता दहिसर नदी. ती तुळशी तलावाच्या बाजूने उद्यानातून येते, बोरिवली-दहिसरमधून मनोरीच्या खाडीला मिळते. तिचा शहरातला भाग भिंतींमध्ये कोंडलेला आणि सांडपाण्याने भरलेला. खालून वर यायला तिथे अहिर, कोळंबी उरलेली नाही असे समजूनच चालावे लागेल. उलट त्या पट्ट्यात जगू शकणारे मासे म्हणजे मांगूर, चिलापी, गप्पी. जंगलातला वरचा भाग मात्र अजून जिवंत आहे. अशा ठिकाणी खालचा अडथळा काढला तर फायदा आक्रमकांनाच होईल, कारण त्या वाटेने येणारे दुसरे कोणी नाहीच. म्हणून तिथे क्रम उलटा ठेवा. आधी सांडपाणी वळवून पाण्यातला प्राणवायू परत येऊ दे, मग बोय आणि कोळंबी खाडीतून किती वर येतात ते पाहा, आणि त्यानंतर एकेका अडथळ्याचा निर्णय घ्या. दरम्यान उद्यानाच्या वरच्या प्रवाहांत आणि तळ्यांत कोणी पेटीतले मासे किंवा गप्पी सोडू नयेत, यावर तुमच्या गटाने सगळी ताकद लावावी. डासांसाठी गप्पी शहरातल्या बंदिस्त टाक्यांत आणि कारंज्यांत ठीक आहेत. जंगलातल्या ओढ्यात डासांच्या अळ्या खाणारे देशी मासे आधीच आहेत आणि गप्पी त्यांची पिल्लेही खातात.

बंधाऱ्याखाली साचणाऱ्या माशांबद्दल गावाने आपणहून एक ठरवावे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती याच विणीच्या हंगामासाठी. ओढ्यावर दोन महिने नको, पण वलगणीच्या पहिल्या आठवड्यात बंधाऱ्याच्या आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना शंभर पावलांवर कोणी पाग टाकणार नाही, एवढे ठरले तरी मोठा फरक पडतो. खाचरात आणि मोकळ्या ओढ्यात पकडायला हरकत नाही. आफ्रिकन मांगूर सापडला आणि ओळख पटली तर तो पुन्हा पाण्यात सोडू नये, दुसऱ्या तळ्यातही नाही.

अंदाजपत्रक करणारा अभियंता गावात येईल तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. बरग्यांच्या गाळ्यांचा उंबरा ओढ्याच्या मूळ तळाइतका खाली असावा, वर उचललेला नको. खालच्या बाजूचा सिमेंटचा ओटा तळाच्या पातळीतच असावा, त्याच्या शेवटी पडझड नको. आणि किमान एक गाळा असा असावा की पहिल्या पावसाच्या कमी पाण्यात सगळा प्रवाह त्यातूनच वाहील. जुन्या भिंतीचा उरलेला भाग काढायचा असेल तर तो मेमध्ये, ओढा कोरडा असताना, मजुरांकडून काढून घ्या आणि मागचा गाळ शेतांत उचलून न्या, नाहीतर पहिल्या पुरात तो सगळा खालच्या डोहांत जाऊन बसेल. नकाशा हाती आला की मला पाठवा, मी पाहून देते.